डाव्या बाजूचं अर्धवर्तुळ

बुधवार, ८ जानेवारी १९७५

आजपासून मी विद्यार्थिनी झाले. निदान सासूबाईंना तसं सांगितलं आहे.

खरा प्रकार उलटा आहे. हंबीरराव तोफखान्यात हवालदार आहेत. परवा दोन महिन्यांच्या रजेवर आले. (घरात मी त्यांचं नाव घेत नाही. कागदावर घ्यायला कुणाची हरकत नसावी.) मार्चमध्ये परत गेल्यावर त्यांची फौजेतली फर्स्ट क्लास सर्टिफिकेटची परीक्षा आहे. ती सुटल्याशिवाय नायब सुभेदारी नाही, आणि वयाचा विचार करता ही शेवटची खेप. मागच्या वेळी बाकीचे विषय निघाले, भूमिती राहिली. काही अवघड नाही: त्रिकोण, आयत, समलंब चौकोन, वर्तुळ. माझा स्थापत्याचा डिप्लोमा आहे. लग्नाआधी सांगलीला पाटबंधारे कचेरीत ट्रेसर होते. असल्या आकृत्या दिवसभर काढत होते.

"तू शिकव," ते म्हणाले. "पण आईला कळता कामा नये. गावभर होईल, हवालदाराला बायको पाढे घोकवती."

"मग त्यांना काय सांगायचं?"

"तूच परीक्षेला बसणार हायस म्हणून सांगू. ओव्हरशिअरच्या. आन् मी शिकवतोय."

घरात बसाउठायचा सोपा एकच. दुपारी आत्याबाई (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते) तिथेच काही ना काही निवडत बसतात. म्हणून नियम ठरले. पुस्तक त्यांच्या हातात. बोलायचं त्यांनी. चुकले तर मी "असं का बरं?" विचारायचं. ते ऐकलं की त्यांनी मागे जाऊन पुन्हा बघायचं.

लग्न मे महिन्यात झालं आणि पंधरा दिवसांत ते गेले. त्यामुळे या माणसाची मला माहिती थोडी. आहे ती पत्रांतली.

शुक्रवार, १० जानेवारी

पहिला तास. आत्याबाई हरभरा सोलत होत्या.

गणित असं: आयत, लांबी १०, रुंदी ७. त्याच्या डाव्या बाजूला ७ व्यासाचं अर्धवर्तुळ जोडलेलं. पूर्ण आकृतीचं क्षेत्रफळ काढा. त्यांनी लगेच उत्तर दिलं, सत्तर.

"असं का बरं?" मी विचारलं.

"असं का म्हंजी?" ते हसले. "दहा साती सत्तर. पाढा येत न्हाई व्हय तुला?"

"आकृती पूर्ण झाली का?"

"झाली की."

मी पेन्सिलीचं टोक अर्धवर्तुळावर ठेवलं. ते थोडा वेळ बघत राहिले, मान वळवली आणि म्हणाले, "हां. हे ऱ्हायलं."

आत्याबाई खूश. "एवढी सांगलीला शिकली आन् हिला चौकोन येत न्हाई! आन् माझा हंबीर बग. अकरावी नापास, पर मास्तरावानी सांगतोय."

पुढच्या गणितात अर्धवर्तुळ उजवीकडे होतं. ते अचूक सोडवलं. म्हणजे रीत येते, लक्ष देत नाहीत. तोफेचा कोन लावणारा माणूस असा निष्काळजी कसा, कळत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

पहिली संक्रांत. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. शेजारच्या दगडाबाई आणि आणखी बायका सोप्यात. मी हंबीररावांच्या डाव्या हाताला उभी राहून तिळगूळ पुढे केला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तसेच थोरल्या दिरांशी, लालासाहेब दादांशी, कारखान्याच्या ऊसतोडीबद्दल बोलत राहिले. माझा हात तसाच.

"हवालदार लाजत्यात गं," दगडाबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

मी तिळगूळ परत डब्यात ठेवला. लाजणारा माणूस कानापर्यंत तांबडा होतो. हे लाजले नव्हते. मी तिथे नसल्यासारखे बोलत होते.

जेवताना आणखी एक. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "आई, चटणी वाढली न्हाईस? मीठबी न्हाई."

वाढलं मीच होतं. नेहमीप्रमाणे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला, भाजी उजवीकडे. सगळं ताटात होतं. थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून वाढायचं काम माझं आहे आणि माझ्या वाढण्यात चूक नसते.

"हाय की रं ताटात," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग चटणी घेतली. आत्याबाई पुढे जेवण होईपर्यंत त्यांच्याकडेच बघत होत्या.

माझ्या हातचं त्यांना नको आहे, असा एक अर्थ निघतो. दुसरा सुचत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

आज समलंब चौकोन उतरवून घ्यायला सांगितला. वरची बाजू ८, खालची १२, उंची ५. त्यांनी काढला तो जवळजवळ त्रिकोण. उजवीकडची तिरकी रेघ बरोबर, डावीकडे सगळं अर्धवट सोडलेलं.

"असं का बरं?"

ते तीच रेघ पुन्हा गिरवत राहिले.

"असं का बरं?" मी पुन्हा विचारलं.

त्यांनी कंपास भिंतीवर फेकला. "टिंगल करतीस माझी? पुस्तकात हाय तेच काढलंय!"

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "आरं, शिकवनाऱ्यानं शांत ऱ्हावं," त्या म्हणाल्या. "ती लहान हाय."

मी कंपास उचलला. टोक वाकलं होतं, ते चिमट्याने सरळ केलं.

मला त्यांची भीती वाटते. माराची नाही, हात उचलण्याचा स्वभाव दिसत नाही. पण पुस्तकात आहे तेच काढलंय असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. खोटं बोलत नसतील तर काय, हा विचार मी इथेच थांबवते.

मंगळवार, २१ जानेवारी

दादांच्या ट्रॅक्टरवरून शेतात गेलो. चालवायला हंबीरराव, मी डाव्या मडगार्डवर बसलेले. कालव्याच्या भरावावरचा रस्ता ट्रॅक्टरपुरताच. डावीकडे पाणी.

मोठं चाक भरावाच्या कडेवर आलं. माती सुटून पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. त्यांना वाटलं रस्ता आहे. मी "अहो!" म्हणून ओरडले तरी ते उजवीकडे बघत म्हणाले, "काय झालं?"

"डावीकडे! डावीकडे पाणी आहे!"

त्यांनी पूर्ण मान फिरवली, पाणी पाहिलं आणि स्टिअरिंग असं ओढलं की मी खाली पडता पडता वाचले. ट्रॅक्टर थांबवला. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर घाम आला होता. जानेवारीतली सकाळ होती.

"दादाला सांगू नको," एवढंच म्हणाले.

येताना मी चालत आले. पाय दुखत होता असं सांगितलं, जे चालत येण्याचं कारण होऊ शकत नाही. कुणी विचारलं नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजही आत्याबाईंनी मला वाढू दिलं नाही. "बाजूला सर, मी वाढती." गेले तीन-चार दिवस लेकाचं ताट त्याच वाढताहेत. आज मी पाहिलं. मीठ उजवीकडे. चटणी उजवीकडे. लिंबाची फोडसुद्धा उजवीकडे. भाकरी आणि भाजी मधल्या बाजूला सरकवलेली, डावीकडे मोकळं ताट.

या घरात असं उलटं पान वर्षातून एकदाच वाढतात, पितरांचं. मला सासरी आल्यावर पहिल्यांदा शिकवलेल्या गोष्टींत ती होती, आणि शिकवणाऱ्या आत्याबाईच.

मी म्हटलं, "आत्याबाई, पान उलटं..."

"गप," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

हंबीररावांनी चटणी घेतली, मीठ घेतलं, सगळं जेवले. "आज झाक वाढलंस आई," म्हणाले.

वय झालं आहे, विसरल्या असतील. पण विसरलेलं माणूस "गप" म्हणत नाही. काही करणी वगैरे मी मानत नाही. तरी दुपारी देव्हाऱ्यापुढे उगाच उभी राहिले.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी त्यांचं डोकं फार दुखत होतं. उलटी झाली, मग बरं वाटलं. म्हणाले, पित्त. परवाही झाली होती. तेव्हाही सकाळीच.

तास झाला नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आज एक तपासणी केली. सगळं जसं झालं तसं लिहिते.

कचेरीत नकाशात चूक दिसली की आम्ही आधी ठरवायचो, चूक मूळ कागदात आहे की ट्रेस करणाऱ्याच्या हातात. त्यासाठी कागद फिरवून बघायचा.

मी सात कोपऱ्यांची वेडीवाकडी आकृती मोठ्या कागदावर काढली, त्यांच्या समोर ठेवली. आत्याबाई तिथेच होत्या, म्हणून म्हटलं, "मला कोपरे नीट मोजता येत नाहीत. तुम्ही प्रत्येकावर ठिपका देऊन दाखवता का?"

"हे काय पोराटकीचं!" ते म्हणाले. पण ठिपके दिले. चार. सगळे उजवीकडचे आणि वर मध्यावरच्या टोकाचा एक. "चार कोपरे," म्हणाले.

मी कागद वरचा खाली फिरवला. "आता पुन्हा. लाल पेन्सिलीने."

चार लाल ठिपके. मघाचे सुटलेले तिन्ही, आणि मधल्या टोकाचा पुन्हा एकदा. मघा ज्यांच्यावर ठिपके दिले होते ते बाकीचे तीन आता डावीकडे आले होते. त्यांच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"चारच की," ते म्हणाले.

चूक आकृतीत असती तर कागदाबरोबर फिरली असती. ती फिरली नाही. ती त्यांच्या डाव्या हाताशीच राहिली.

अर्धवर्तुळ डावीकडे होतं. तिळगूळ डावीकडून दिला होता. चटणी डावीकडे असते. कालवा डावीकडे होता. मी तासाला त्यांच्या डावीकडे बसते.

आत्याबाईंनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निवडलेलं धान्य पुन्हा निवडायला घेतलं.

शनिवार, १ फेब्रुवारी, सांगली

आईबाबांना भेटायचं निमित्त करून आलो. विश्रामबागेतलं घर तसंच आहे. माझ्या जुन्या ड्रॉइंग बोर्डवर आईने पापडाचे डबे ठेवलेत.

हंबीररावांना म्हटलं, "वाचायचा चष्मा लागला असेल. परीक्षेच्या आधी बघून घेऊ." ते चटकन तयार झाले. इतक्या चटकन, की त्यांनाही काहीतरी जाणवत असावं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, पण प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गाळून. मग डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले. "माझ्या नाकाकडे बघायचं. नजर हलवायची नाही." एका हाताची बोटं वर केली. "किती?"

"दोन."

दुसरा हात वर केला. तो हंबीररावांच्या डाव्या अंगाला होता. बोटं हलवली.

हंबीरराव नाकाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "दाखवा की डॉक्टर."

डॉक्टरांनी हात खाली घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

नंतर डॉक्टर म्हणाले ते असं. दोन्ही डोळे निरोगी आहेत. पण दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी नजर गेलेली आहे. म्हणजे बिघाड डोळ्यांत नाही, मागे मेंदूकडे आहे. त्यांना तिथे काळोख दिसत नाही. तिथे काही आहे हेच त्यांना कळत नाही, म्हणून तक्रारही नाही. "सकाळी डोकं दुखतं? उलटी होते?"

"पित्ताची," हंबीरराव म्हणाले.

"कधीपासून?"

"दसऱ्यापास्नं असंल."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "फौजेत आहात ना? पुण्याच्या लष्करी दवाखान्यात जा. या आठवड्यात. आणि काहीही चालवायचं नाही. सायकलसुद्धा."

चष्मा दिला नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी, सांगली

आज मी गच्चीवर कपडे वाळत घालताना हंबीरराव मागोमाग आले.

"लष्करी दवाखान्यात गेलो की मेडिकल कॅटेगरी उतरणार. एकदा उतरली की परीक्षा न्हाई, प्रमोशन न्हाई, पेन्शनीत घालून घरी. तोफखान्यात आंधळा हवालदार काय करणार?"

"अर्धा," मी म्हटलं. मग वाटलं, म्हणायला नको होतं.

त्यांना हसू आलं. "व्हय, अर्धा. लय मोजून बोलतीस तू. ऐक. परीक्षा मार्चात हाय. ती देतो, मग जातो. महिन्या-दीड महिन्यानं काय होतंय?"

काय होतं ते मला माहीत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही, फक्त या आठवड्यात म्हणाले. दिवसांची घाई करणारा डॉक्टर मी आधी पाहिलेला नाही.

त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. आईला आन् दादाला यातला एक शब्द बोलणार न्हाईस."

घेतली. केस उन्हाने गरम होते. त्याखाली काय आहे, या विचाराने मी हात लवकर काढून घेतला. त्यांना वाटलं मी रागावले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गावी परत.

आज मला जे कळलं ते कळायला नको होतं. पुस्तक त्यांच्या पुढ्यात न ठेवता मी हातभर उजवीकडे सरकवून ठेवलं आणि हळूच म्हटलं, "मान वळवून डाव्या काठापासून सुरू करा. काठ दिसेपर्यंत मान फिरवायची."

पाच गणितं दिली. पाचही बरोबर. डाव्या अर्धवर्तुळाचंसुद्धा: सत्तर आणि सव्वा एकोणीस, सव्वा एकोणनव्वद. समलंब चौकोन सुबक काढला. भूमिती त्यांना येत होती. मी आले नसते तरी येत होती.

"पास!" ते म्हणाले, आणि आत्याबाई समोर आहेत हे विसरून माझ्या पाठीवर थाप मारली. "चारुशीलाबाई, पास!"

"कोन पास?" आत्याबाईंनी विचारलं.

"ही. ही पास होणार, आई."

म्हणजे मी त्यांना पास करू शकते. कागद कसा धरायचा हे महिनाभर घोटून घेतलं की बस. तिथे कुणाला कळणार नाही. खांद्यावर नायब सुभेदाराची पट्टी लागेल, गावात मिरवणूक निघेल, दादा फेटा बांधतील. आणि डोक्यातलं जे काही आहे ते महिनाभर आत राहील.

दादा संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, तयारी कशी चाललीय तुमची?" मी म्हटलं, चांगली. आवाज माझा नेहमीचाच निघाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी गोठ्यामागे त्यांना उलटी झाली. उठताना डावा खांदा खांबावर आपटला. मी पाणी घेऊन गेले तर आत्याबाई आधीच चुलीतली राख घेऊन तिथे उभ्या होत्या. त्यांनी राख टाकली, वरून माती ओढली. हे काम त्या पहिल्यांदा करत नव्हत्या.

मी शपथ घेतली आहे, एक शब्द बोलणार नाही अशी. ती मोडलेली नाही. भाकऱ्या थापताना मी फक्त एवढं म्हटलं, "आत्याबाई, उद्या त्यांचं पान सरळ वाढाल का? डावीकडचं डावीकडे."

त्यांचा हात परातीत थांबला.

"तुला कळलं म्हन की," त्या म्हणाल्या.

मी पुढचा गोळा घेतला.

"ल्हानपनापास्नं पयलं बोट चटणीत घालनार पोरगं. आलं त्याच्या तिसऱ्या दिशी चटणी तशीच ताटात. मला वाटलं मन न्हाई. मग मीठ. मग कोशिंबीर. मी चटणी हिकडं सरकवून बघितली तर चाटूनपुसून खाल्ली." त्यांनी पिठाचा हात डोळ्यांना लावला नाही, मनगट लावलं. "माज्या हातानं जित्या लेकाला पितरांचं पान वाढलं मी. रोज वाढलं. जेवू दे म्हनलं, पोटभर जेवू दे."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? बोललं की खरं हुतंय." मग थोडं थांबून, "आन् तुमच्या शाळंत शिकवतंय कोन त्येबी मला ठावं हाय. इचारतीस तू, पर तुजी पेन्शिल आदीच बरोबर जागंवर असती."

मी भाकरी तव्यावर टाकली. काठ फाटला. माझ्या भाकरीचा काठ फाटत नाही.

"उद्या दादाबी घरी हाय," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या सरळ वाढती."

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी दोघा भावांची ताटं आत्याबाईंनी वाढली. मीठ, लिंबू, लाल चटणी, काकडीची कोशिंबीर डावीकडे. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी उजवीकडे. मी दाराशी उभी होते.

हंबीररावांनी हात ताटाकडे नेला तसं आत्याबाईंनी तो धरला. "थांब. आदी सांग, ताटात काय काय हाय?"

"आई, तूबी परीक्षा घ्यायला लागलीस व्हय?"

"सांग."

"भाकरी. वांगं. आमटी."

"आनी?"

"आनी काय? बस."

दादा हसले. "आरं गड्या, चटणी काय शेजारच्याला वाढलीय? ती बग की, म्होरं..."

हंबीरराव ताटाकडे बघत होते. सरळ, न चिडता, गणिताकडे बघतात तसं. दादांचं हसू हळूहळू गेलं.

आत्याबाईंनी त्यांचं डावं मनगट धरून बोट चटणीत बुडवलं आणि डोळ्यांसमोर आणलं. ते लाल बोटाकडे बघत राहिले. मग आत्याबाईंनी ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं.

आता त्यांना चटणी दिसली. मीठ, लिंबू, काकडी, सगळं दिसलं. त्यांचा हात ताटावर फिरला आणि अडखळला.

"भाकरी कुठं गेली?" ते म्हणाले.

दादांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं. गेल्या महिन्यात शेतावर ट्रॅक्टर कुणी चालवला हे त्यांना आठवत असावं, कारण ते एकदम म्हणाले, "कालव्यावरचा भराव तूच ढासळवलास व्हय रं?" आणि मग तोंडावर हात ठेवला.

हंबीररावांनी मान पूर्ण डावीकडे फिरवली. भाकरी सापडली. मग ते आणखी फिरले, मी दाराशी दिसेपर्यंत.

"चारुशीला," ते म्हणाले. आईसमोर, थोरल्या भावासमोर. "मला हे गणित येत न्हाई. तू सांग."

शपथ त्यांनीच सोडवली. मी डॉक्टरांचं बोलणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं, शब्द न बदलता. दादा मध्येच म्हणाले, "परीक्षा देऊन मग गेलं तर?" आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दादा उठले आणि पुण्याच्या गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेले.

जेवण कुणाचंच झालं नाही. हंबीररावांनी तेवढी भाकरी चटणीशी खाल्ली. पहिलं बोट चटणीत घालून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, पुणे

लष्करी दवाखान्याच्या व्हरांड्यात लिहिते आहे. दादा खाली ऑफिसात कागद दाखवताहेत. नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी "हंबीरराव" म्हटलं, मोठ्याने. शिपायाने दुसऱ्यांदा विचारलं म्हणून दुसऱ्यांदाही म्हटलं.

कारकुनाने त्यांच्या परीक्षेचं विचारलं. हंबीररावांनी मार्च सांगितला. त्याने नाही अशी मान हलवली, रकाना कोरा सोडला आणि पुढचं पान काढलं. बस.

उद्या सकाळी डोक्याचे फोटो काढणार आहेत. एक फोटो सुई टोचून काढायचा असतो, त्यात धोका असतो, असं इथल्या एका बाईने सांगितलं. तिच्या नवऱ्याचं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ते बाकावर बसले होते. मी सवयीने डावीकडे बसले. लग्नातल्या फोटोपासून माझी जागा तीच. मग उठले, वळसा घालून उजवीकडे जाऊन बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान न वळवता. असं त्यांनी मला पाहिल्याचं मला आठवत नाही.

"आलीस?" ते म्हणाले.

"मी इथेच होते."

"शिकवताना तू सारखी मधेच उठून जायचीस. आवाज यायचा आन् बघावं तर तू न्हाई. मला वाटायचं, हिला कंटाळा आलाय माझा. सांगलीची शिकलेली बाई, किती दिवस बसणार."

मी एकदाही उठले नव्हते. त्यांनाही तसंच सांगितलं.

आत्याबाईंनी फडक्यात भाकरी बांधून दिली होती. ती सोडून मी बाकावर मध्ये ठेवली. चटणीची पुडी हातात घेतली आणि क्षणभर कुठल्या बाजूला ठेवावी ते कळेना. ती त्यांनीच माझ्या हातातून घेतली.

"गणित घाल एखादं," म्हणाले. "वेळ जाईना."

मी वहीच्या पाठच्या पानावर वर्तुळ काढलं. कंपास नव्हता, हातानेच. चांगलं आलं नाही. मध्ये व्यास ओढायला पेन्सिल टेकवली आणि पुढे जाईना. म्हणून वर्तुळ तसंच पूर्ण ठेवलं आणि विचारलं, याचा परीघ किती.

"त्रिज्या दिली न्हाईस," ते म्हणाले.